चिंचेची आणि गोदाक्का

निखिल, तुला वाढदिवसाला टॅरंटुला, म्हणजे तो मोठा केसाळ कोळी, हवा आहे, असं तुझी आई फोनवर म्हणाली. "आता तुम्हीच त्याला काही समजवा," असंही म्हणाली. मागून तुझ्या बहिणीचा, ईराचा आवाज येत होता, की तो घरात आला तर ती घर सोडून जाईल. मी कुणाच्याच बाजूने बोलणार नाही. तुमच्या आजीने टॅरंटुला पाहिलेले आहेत, आणि तेही प्राणिसंग्रहालयात नव्हे, तर मद्रासला, वेस्ट मांबलममध्ये आमच्या डोक्यावरच्या घरात. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की आठ पायांच्या आधी मला दोनच पाय आठवतात. टाचांना भेगा पडलेले, संध्याकाळी सुजलेले, जिना थांबत थांबत चढणारे. ते गोदाक्काचे पाय. म्हणून आधी तिच्याबद्दल.

आम्ही मद्रासला गेलो ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, तुमच्या आजोबांच्या बदलीमुळे. तुमचा बाबा तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागला होता. सामान अजून खोक्यांत होतं आणि दारावर टकटक झाली. दारात उंच, वाळकी, चष्मा लावलेली बाई उभी. वय चाळिशीच्या आसपास, हातात बिस्किटवाल्याकडे असते तशी काचेची रिकामी बरणी. ती जे बोलली ते मला आधी तमिळच वाटलं. मग कळलं की मराठी आहे.

"तुमच्या घरीं झुरळें आहेत कीं?"

मला अपमान वाटला. मी म्हटलं, "मुळीच नाहीत. कालच सगळीकडे औषध मारलंय."

"अय्यो," ती म्हणाली. चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "मग पुढले महिनाभर तुमचीं झुरळें आमच्या उपयोगाचीं नाहींत." आणि जिना चढून वर गेली.

संध्याकाळी तुमच्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खातात की काय?"

गोदाक्काचं घराणं तंजावरचं. पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी राजांबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात बोलायचे मराठी, पण ते आपल्या पणजीच्या पणजीचं असावं तसं, तमिळ चालीवर, मधेमधे तमिळ शब्द पेरलेलं. मला तिच्या मराठीचं हसू यायचं हे तिला ठाऊक होतं. एकदा म्हणाली, "हसूं नको गे पुणेकरणी. आमची मराठी इतकी वर्षें राहिली. तुझी मद्रासांत दोन पिढ्या तरी राहते का बघूं." तुम्हा दोघांशी फोनवर बोलताना मला हे वाक्य बऱ्याचदा आठवतं.

ती जॉर्ज टाउनमध्ये एका लाकडाच्या वखारीच्या कचेरीत टायपिस्ट होती. डोंगराकडून ओंडके यायचे, ते उतरवताना एखाद्या ढोलीतून हाताच्या पंजाएवढा कोळी बाहेर पडायचा. हमाल चपला घेऊन धावायचे. गोदाक्काने एकदा टंकलेखनयंत्र सोडून अंगणात जाऊन त्यांना थांबवलं आणि आपल्या जेवणाच्या डब्याचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात कोळी घातला. त्यानंतर हमालच तिला हाक मारायला लागले, "अम्मा, एट्टुक्काल पूच्ची!" म्हणजे आठ पायांचा किडा. संध्याकाळच्या लोकल गाडीत डबा मांडीवर घेऊन ती मांबलमपर्यंत यायची. शेजारची बाई कधी म्हणाली, "रसमचा वास छान येतोय," तर ही म्हणायची, "वरच्या कप्प्यांत."

मी तिच्या घरात गेले तेव्हा सात-आठ बरण्या होत्या. आतल्या खोलीत, उन्हापासून दूर, फडताळावर ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत उभी साल, थोडी माती, पाण्यासाठी सोडाबाटलीचं पत्र्याचं झाकण. बरणीच्या झाकणाला तापल्या दाभणाने पाडलेली भोकं. कोळी बहुधा दिसायचेच नाहीत. सालीमागे जाळं विणून आत बसलेले. निखिल, तू टीव्हीवर पाहतोस तसं ती त्यांना कधी हातावर घ्यायची नाही. ते चपळ असतात, चावले तर दिवसचे दिवस अंग ठणकतं. "हात लावायचा असेल तर मांजर पाळावें," ती म्हणायची.

तिने त्यांना लाडाची नावं ठेवली नव्हती. ज्या झाडाच्या ओंडक्यातून जी आली, तिला त्या झाडाची म्हणायची. फणसाची, सागाची, वडाची. सगळ्यांत थोरली होती चिंचेची. राखाडी अंग, त्यावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे, आणि पाय पसरले की खालून पिवळे दिसायचे. आम्ही आलो त्याच्या आदल्या वर्षी ती आली होती. नर फार टिकत नाहीत. वयात आले की खाणं सोडतात, नुसते फिरत राहतात आणि मरतात. माद्या एकाच ढोलीत वर्षानुवर्षं बसतात. गोदाक्काला दोन भाऊ होते. एक परदेशी जाऊन तिथेच वारला, एक बंगळूरला होता. ती वडिलांपाशी राहिली होती. तिने स्वतः ह्या दोन गोष्टी कधी जोडल्या नाहीत, म्हणून मीही जोडत नाही.

तिचे वडील, अप्पा, अर्धांगाने बिछान्यावर होते. पूर्वी सर्व्हे खात्यात होते, जंगलं तुडवलेली, आणि आता न्हाणीघरापर्यंत जायला दुसऱ्याचा खांदा. उशाशी पूजेतली पितळी घंटी असायची. पाणी हवं, घंटी. कूस बदलायची, घंटी. पेपरचं पान उलटायचं, घंटी. सकाळी दहा माणसांचं काम उरकून गोदाक्का कचेरीत जायची, दुपारी एक म्हातारी बाई अप्पांपाशी बसायची, संध्याकाळी ही परत आली की घंटी सुरू. अप्पा वाईट नव्हते. उलट बोलायला फार गोड. एकदा मला म्हणाले, "पाहा, त्या पूच्चीला आठ पाय, ती एका जागीं बसते. मला एकही धड नाहीं, आणि मी माझ्या मुलीला दिवसभर पळवतों."

मी गोदाक्काला विचारलं होतं, एवढ्या कामात हे आणखी कशाला? ती तेव्हा फडताळाखाली जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय लांब. तिची विश्रांतीची जागा तीच.

"ती मला ओळखत नाहीं," ती म्हणाली.

"कोण?"

"चिंचेची. इतकीं वर्षें झालीं, मी कोण तें तिला ठाऊक नाहीं. झुरळ आलें, खाल्लें. कोणीं घातलें, तिला काय त्याचें?" मग थोड्या वेळाने, "फार आराम आहे गे ह्यांत."

ती घरात चालायची हळू, भांडी ठेवायची हळू. कोळ्यांना कान नसतात. हादरा पायांतून कळतो, आणि कळला की ते घाबरून अंग चोरतात. म्हणून तिच्याकडे जो येईल त्याला जाताना ती एकच सांगायची, "दार हळू ओढ." दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर, सगळे हळू दार ओढायला शिकले होते. तुमचा बाबा तर आमच्याही घरात हळू दार लावायचा. मला वाटायचं मी वळण लावलं.

बरण्यांचे शत्रू दोन. पहिला फवारा. महापालिकेची माणसं डासांसाठी पाठीवर पंप घेऊन घरोघर यायची आणि भिंतींवर औषध मारून दारावर खडूने खूण करून जायची. आमच्या इमारतीत ती आली की गोदाक्का रजा घ्यायची. एकदा आधी न सांगता आली. गोदाक्का नुकतीच कामाला निघत होती. तिने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की आत फुप्फुसांचा रोगी आहे, फवारा सोसायचा नाही. अप्पांची फुप्फुसं ठणठणीत होती. पण आतून असा काही खोकला सुरू झाला की मी खालून पळत वर गेले. त्यांतला एक जण संशयाने आत डोकावला. त्याला पलंगावर खोकणारे अप्पा दिसले आणि मागच्या फडताळावर, सकाळची वेळ असूनही, काचेला सगळे पाय लावून बसलेली चिंचेची दिसली. तो तसाच मागे फिरला. दारावर खूण झाली आणि पंप जसा आला तसा गेला.

अप्पांना खोकून खोकून खरोखरच धाप लागली होती. "बरेच दिवसांनीं उपयोगाला आलों," ते म्हणाले. गोदाक्का हसून खाली बसली आणि मग उठेचना. कामाला उशीर झाला होता. "पांच मिनिटें," ती म्हणाली. मी तिला तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

दुसरा शत्रू उन्हाळा. ज्या वर्षी पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी नळ कोरडे पडायचे आणि पाण्याची लॉरी यायची. प्लास्टिकच्या रंगीत घागरी रांगेत लावून आम्ही बायका उन्हात उभ्या. तळमजल्यावरच्या मामी एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गोदा, तुझ्या पूच्चींना रोज स्नान लागतं म्हणे?"

"नाहीं मामी," गोदाक्का म्हणाली, "त्या वर्षांतून एकदां कपडे बदलतात, तेवढेंच. आम्हीच घाण." सगळ्या हसल्या. मामीही हसल्या. पण मी पाहिलेलं आहे, घागर वर नेल्यावर आधी अप्पांचं तोंड पुसायचं, मग चमच्याने सोडाबाटलीच्या झाकणांत पाणी. मग स्वतः प्यायची.

ते कपडे बदलणं म्हणजे कात टाकणं. ते तिने मला एकदाच समजावून दिलं, पण नीट. आधी कोळी खाणं सोडतो, रंग काळवंडतो. मग एक दिवस जाळं अंथरून त्यावर उताणा पडतो, पाय वर. तासन् तास तसाच. पाहणाऱ्याला वाटतं, गेला. "उताणा पडला तर मेला नाहीं," ती म्हणाली, "मरतांना तो पालथा असतो, पाय पोटाशीं घेऊन. उलटें आहे सगळें." त्या वेळी बरणी हलवायची नाही. आत झुरळ राहिलं असेल तर आधीच काढून टाकायचं. नवी कातडी इतकी मऊ असते की झुरळही त्याला कुरतडतं. हादरा बसला तर जुन्या कातीत पाय अडकतो, आणि पुष्कळदा कोळी तिथेच संपतो.

अप्पा गेले ते झोपेत. घंटी वाजली नाही म्हणून गोदाक्का उशिरापर्यंत झोपून राहिली, आणि उठून पाहते तर ते गेलेले. हे तिने मला फार सपाट आवाजात सांगितलं. नंतरचं वर्ष ती कामाला जायची, यायची आणि फडताळाखाली बसायची. मला वाटलं होतं आता ती मोकळी होईल. पण थकवाही माणसासारखा असतो, पाहुणे गेल्यावर पाय पसरून बसतो.

घरमालकाला इमारत पाडून नवी बांधायची होती. बंगळूरचा भाऊ, श्रीनिवास, म्हणाला, वर्षश्राद्ध इथेच करू, मग अक्का, तू कायमची आमच्याकडे ये. त्याची बायको वत्सला मनापासून चांगली. "तुमच्यासाठी खिडकीची खोली ठेवलीय अक्का," तिने सांगितलं. फक्त बरण्या नकोत. गोदाक्का हो म्हणाली. न भांडता, न रडता. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका येऊन कोळी घेऊन गेल्या. चिंचेची तेवढी मागे राहिली, कारण तिने खाणं सोडलं होतं आणि ती काळवंडली होती. तिची कात पडून अंग धरलं की बाई येऊन तिलाही नेणार होत्या. म्हातारपणची कात होती. "ही नीट पार पडली म्हणजे झालें," गोदाक्का मला म्हणाली. "मग मी जायला मोकळी." त्या दिवसांत तिने एवढी एकच इच्छा बोलून दाखवली.

आणि श्राद्धाच्या सकाळीच चिंचेची उताणी पडली.

आपण ज्याला सोवळं म्हणतो त्याला ते लोक मडी म्हणतात. श्राद्धाचा स्वयंपाक मडीत. न्हाऊन, ओलं नेसून, कशालाही न शिवता. शिवलं तर पुन्हा स्नान, आणि शिजलेलं सगळं बाद. वत्सलाला त्यांच्या पद्धतीचा तो स्वयंपाक येत नव्हता, म्हणून चुलीपाशी गोदाक्का होती आणि बाहेरची झाडलोट वत्सलाने घेतली होती. पाण्याची टंचाई होती, म्हणून मी आमच्या वाटणीची घागर वर घेऊन गेले. वाध्यार, म्हणजे भटजी, येऊन बसले होते. श्रीनिवास दर्भ हातात घेऊन तयार होता.

आतल्या खोलीतून वत्सला बरणी घेऊन बाहेर आली. बरणी तिने वर्तमानपत्राने झाकली होती. मला खुणेने जवळ बोलावून कुजबुजली, "ते मेलंय. श्राद्धाच्या दिवशी घरात मेलेलं कसं चालेल? मागे नारळाखाली पुरून येते. अक्कांना आज नका सांगू, जेवणं झाल्यावर सांगू."

मी म्हटलं, "वत्सला, ते मेलेलं नाही. आहे तिथे ठेव, हलवू नकोस."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पाय वर करून पडलंय हो," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

माझा आवाज आत गेला असणार. गोदाक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. ओलं लुगडं, कपाळावर घाम, हातात पळी. तिने बरणी पाहिली. आत अप्पांसाठी सगळं शिजलेलं होतं, पहाटेपासून एकटीने रांधलेलं. एक पाऊल बाहेर टाकलं की ते सगळं फुकट. ती तिथूनच म्हणाली, "वत्सला, ठेव ती खालीं. जिवंत आहे."

"अक्का, तुम्ही बघू नका," वत्सला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने बरणी छातीशी आणखी घट्ट धरली आणि पहिली पायरी उतरली.

गोदाक्काने पळी खाली ठेवली. तीसुद्धा हळू. उंबरा ओलांडला, भटजींच्या समोरून गेली आणि वत्सलाच्या हातांखाली आपले दोन्ही हात घालून बरणी धरली. पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तशी.

मग श्रीनिवास म्हणाला, "अक्का, अप्पांचें श्राद्ध आहे. एका पूच्चीसाठी अप्पांना ताटकळत ठेवणार?"

ती त्याच्याकडे वळलीही नाही. बरणी हलली असती. "अप्पा थांबतील," ती म्हणाली. "हिला थांबतां येत नाहीं."

ती पावलं मोजल्यासारखी चालत आत गेली. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाले, वेळ आहे अजून, अम्मांना स्नान करून येऊ दे. माझी घागर तिच्या स्नानाला गेली. तिने चूल पुन्हा धुतली, तांदूळ पुन्हा धुतले. उन्हं कलायच्या आत पानं वाढली गेली. पहिला स्वयंपाक आम्ही खालच्या मजल्यांवर वाटला. मामींनी दोनदा वाढून घेतला.

संध्याकाळी तिने मला आत बोलावलं. बरणीत दोन चिंचेच्या होत्या. एक रिकामी, चुरगळलेली. दुसरी तिच्या बाजूला, नवी, नक्षी धुतल्यासारखी. एक मागचा पाय तेवढा अर्ध्यातून वाकडा झाला होता. "जिन्यावर झालें तें," गोदाक्का म्हणाली. वत्सला दाराशी उभी होती. तिला बरं वाटावं म्हणून गोदाक्का पुढे म्हणाली, "सात पुष्कळ झाले."

बंगळूरची तिकिटं दुसऱ्या दिवशीची होती. कोवळ्या कातडीची मादी प्रवास करू शकत नाही, आणि तिला प्राध्यापिकेकडेही नेता येत नाही. "तुम्ही पुढें व्हा," गोदाक्का भावाला म्हणाली. ते गेले. त्यात भांडण नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती जाणार होती, मग पुढच्या महिन्यात, मग त्या गोष्टीबद्दल कोणी बोलेनासं झालं. इमारत पडली. आम्ही दुसरीकडे गेलो, ती मद्रासमध्येच तिरुवल्लिकेणीला एका गल्लीत माडीवरच्या खोलीत.

पुण्याला परत यायचं ठरलं तेव्हा मी तिचा निरोप घ्यायला गेले. शेजारी एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांची मोठी मॅन्शन, कठड्यांवर लुंग्या वाळत, रेडिओ लावलेले. तिच्या खोलीत एक चटई, एक स्टोव्ह, खिडकीच्या सावलीच्या बाजूला बरणी. नोकरी संपली होती. ती जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय लांब.

"बंगळूरहून बोलावत नाहीत?" मी विचारलं.

"बोलावतात कीं. चांगलीं माणसें." थांबून म्हणाली, "तिकडे सगळीं मला विचारतील, अक्का, दमलीस का? त्याचें उत्तर द्यायलाही बळ लागतें गे."

मी बरणीत डोकावले. सालीमागून पायांची टोकं दिसत होती. आता पुष्कळ वय झालं होतं तिचंही. आम्ही कॉफी प्यायलो. निघाले तेव्हा ती उठली नाही. हात नुसता वर केला.

"दार हळू ओढ," ती म्हणाली.

मी ओढलं. खाली गल्लीत येऊन वर पाहिलं. खिडकीत तिचा हात दिसला, बरणीवर धरलेला, हातात चमचा. म्हणजे मी गेल्यावर ती उठली होती. तेवढ्यात मॅन्शनमधे कुणीतरी धाडकन दार आपटलं. हात होता तिथेच थांबला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळून पाहिलं. चमचा अजून तसाच वर होता, आत सगळं शांत होण्याची वाट बघत.